माझ्या वहीतलं तुमचं पान

शेठजी,

या पत्रात तुमचं नाव घालणार नाही. इचलकरंजीत कापडाच्या पेढ्या पुष्कळ आहेत आणि हे वाचून आणखी चार-पाच जणांना वाटेल, हे आपल्यालाच लिहिलंय. वाटू दे. तुम्ही मात्र ओळखालच. "वहिनी, चहा राहिला बरं का," असं म्हणत आमच्या शेडच्या दारात उभे राहिलेले तुम्ही मला वीस वर्षं दिसत आला आहात.

हे पत्र चारचौघांत यायला नको होतं. आधी दोन साधी पत्रं पाठवली, मग एक रजिस्टर. रजिस्टरची पोच तुमच्या दिवाणजींच्या सहीनं परत आली, उत्तर आलं नाही. यांचा फोन तुम्ही उचलत नाही. मुलीच्या नंबरवरून लावला तेव्हा उचललात, यांचा आवाज ऐकलात आणि काही न बोलता ठेवून दिलात. हे बराच वेळ मोबाइल हातात धरून तसेच बसून राहिले. पैसे बुडाल्याचं दुःख मी गेली तीन वर्षं सोसते आहे, पण ती दोन मिनिटं मला त्याहून जड गेली. त्याच रात्री हे पत्र मनात लिहायला लागले.

माझ्या वहीत तुमच्या पानावर आज १४ लाख ६२ हजार रुपये उभे आहेत, व्याज न धरता. बिल नंबर, तारीख, मीटर, भाव, तुमच्या माणसाची माल उतरवून घेतल्याची सही, सगळं आहे. मी बारावी कॉमर्स. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी पहिल्याच दिवाळीला वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "पोरी, माग कुणीही चालवील. वही चालवणारं घरात पाहिजे." तेव्हापासून वही मीच लिहिते. म्हणून माग बंद पडले ते का, याचा हिशेब मला जसा माहीत आहे तसा यांनाही माहीत नाही. हे म्हणतात नशीब. मी वहीत बघते आणि मला तिथं नशीब कुठं दिसत नाही, तारखा दिसतात.

या गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्या उद्योगाला हात दिला, हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मामंजींनी आमचे पहिले दोन माग घेतले ते दुसऱ्याच्या शेडमध्ये पंधरा वर्षं कामगार म्हणून राबल्यावर. दोनाचे चार, चाराचे बारा. आणि त्यांचा हट्ट एकच होता: खर्चीवर माग चालवायचे नाहीत, सूत आपलं पाहिजे. दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारा आणि स्वतःच्या सुताचं कापड विकणारा यांत या गावात किती अंतर आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. स्वतःच्या सुताचा मागवाला सौद्याला बसतो. खर्चीवाला दारात उभा राहतो.

बारा माग दोन पाळ्यांत चालले की दिवसाला हजार मीटरच्या आसपास कापड निघायचं. महिन्याला सात लाखांचा माल. तो सगळा आम्ही तुम्हाला द्यायचो. दुसऱ्या पेढीवाल्यांनी मीटरमागं चार-चार आणे जास्त देऊ केले होते, पण हे म्हणायचे, "शेठजींशी वडिलांपासूनचं आहे." धारा ठरलेला होता ४५ दिवसांचा. म्हणजे कुठल्याही दिवशी आमचे साडेदहा लाख तुमच्याकडं असायचेच. त्याबद्दल तक्रार नव्हती, धंदा तसाच चालतो. सुताचे पैसे मात्र आम्हाला दहा-पंधरा दिवसांत चुकते करावे लागायचे. सायझिंगवाला बीम भरून देतो तो रोखीवर. कामगाराचा पगार आठवड्याला. लाइट बिलाची तारीख कुणासाठी हलत नाही. मधला खड्डा भरायला बँकेचं दहा लाखांचं कॅश क्रेडिट होतं, आणि मामंजींच्या काळातली थोडी गंगाजळी. एवढ्यावर हा संसार व्यवस्थित चालत होता, शेठजी. आम्ही फार श्रीमंत नव्हतो, पण संध्याकाळी दार वाजलं तर दचकत नव्हतो.

मग ४५चे ६० झाले. ६०चे ९०. विचारलं की तुमचे दिवाणजी म्हणायचे, "पुढून आलेलं नाही. पाली-बालोतऱ्यात माल पडून आहे, अहमदाबादवाल्यांनी हात वर केलेत." खरंही असेल. तुमचं ग्रे कापड तिथं प्रोसेसला जातं आणि तिथलं पेमेंट रखडलं की तुमचीही ओढाताण होते, हे मला कळतं. पण एक सांगा, ती ओढाताण तुम्ही तुमच्या बँकेकडं का नेली नाहीत? तुमच्या पेढीच्या नावावर कर्ज मिळतं, तारण आहे, गोडाऊन आहे. आमच्याकडं तारण म्हणजे जुने माग आणि शेडचा अर्धा उतारा. तरी पुढचं ओझं तुम्ही खाली सरकवलंत आणि ते आमच्यापाशी येऊन थांबलं. आमच्या खाली सरकवायला कोण होतं? होता एकजण. त्याच्याकडं मी नंतर येते, कारण ते लिहिताना माझा हात थांबतो.

१२० दिवस झाले तेव्हा मी हिशेब मांडला. महिन्याला सात लाखांचा माल, चार महिने थकलेला, म्हणजे अठ्ठावीस लाख. त्यातले साडेदहा ठरल्याप्रमाणे. वरचे साडेसतरा लाख आम्ही तुम्हाला कर्जाऊ दिले होते, बिनव्याजी, आमच्या संमतीशिवाय. ते आमच्याकडं नव्हतेच. म्हणून ते आम्ही आणले. कुठून आणले ते आज तुम्ही वाचा, कारण गेल्या तीन वर्षांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

पहिल्यांदा मुलीच्या नावची पोस्टातली ठेव मोडली. मग भिशी. आमच्या गल्लीतली वीस बायकांची भिशी आहे, त्यात माझा नंबर मागून होता, तो मी हातापाया पडून पुढं घेतला आणि त्यासाठी चार हजार सोडले. मग माझ्या पाटल्या आणि मोहनमाळ गहाण. सासूबाईंनी त्यांच्या बिलवरांची पिशवी आपण होऊन माझ्यासमोर ठेवली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या, माझ्याकडं बघावं लागू नये म्हणून. पतसंस्थेचे दीड लाख. आणि सगळ्यात शेवटी, जिथं जायचं नाही असं मामंजी बजावून गेले होते तिथं, शेकडा अडीचनं तीन लाख. महिन्याला साडेसात हजार नुसतं व्याज. तो माणूस पाच तारखेला येतो. आवाज चढवत नाही. नुसता शेडच्या कट्ट्यावर येऊन बसतो, येणाजाणाऱ्याला रामराम घालतो, आणि सगळ्या गल्लीला कळतं तो कशासाठी बसलाय.

त्याच सुमाराला तुमच्या पेढीकडून निरोप आला होता: लगेच पेमेंट हवं असेल तर दोन टक्के सोडा. वटाव आम्हाला नवा नाही. धाऱ्याच्या आधी पैसे मिळाले तर वटाव द्यायचा, ही बाजाराची जुनी रीत आहे आणि न्यायाची आहे. पण तेव्हा धारा उलटून अडीच महिने झाले होते. आमचेच पैसे, तेही उशिरा, आणि ते मिळावेत म्हणून आम्ही दोन टक्के सोडायचे. यांनी सोडले. एकदा नाही, तीनदा सोडले. वहीत तो आकडा मी लाल शाईनं लिहून ठेवलाय: ३१ हजार २००.

आणि २०२२चं साल तुम्ही विसरला नसाल. त्या मे महिन्यात कापसाची खंडी एक लाखाच्या वर गेली. सूत रोज चढत होतं. आम्ही सौदा पाळायचा म्हणून चढ्या भावाचं सूत उचललं आणि कापड विणलं. पुढं कापूस उतरला, कापडाचा भाव पडला, आणि तुमच्याकडून निरोप आला की आधी ठरलेल्या भावानं नाही, आजच्या भावानं बिल मांडा, नाहीतर माल परत न्या. विणलेलं ग्रे कापड परत आणून आम्ही काय करणार होतो? सौदा तोंडी होता. वीस वर्षांत एकदाही कागद केला नव्हता, तशी गरजच वाटली नव्हती. तोंडी शब्दावर आम्ही सूत उचललं, हा आमचा मूर्खपणा, असं माझा भाऊ म्हणतो. मी त्याला मूर्खपणा म्हणायला तयार नाही. तो विश्वास होता आणि तो तुम्हीच वीस वर्षं पाळून आमच्यात रुजवला होता.

आता कायद्याचं. मला कायदा माहीत नव्हता. आमच्या सीएंकडच्या मुलानं सांगितला. २००६चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. छोट्या उद्योगाकडून माल घेतला तर ठरलेल्या दिवशी पैसे द्यायचे, आणि करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या पुढं जायचं नाही. गेलात तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. २०२४ मध्ये तो दर पावणेसात टक्के होता, म्हणजे सव्वावीस टक्के. १४ लाख ६२ हजारांवर एका वर्षाचं व्याज सव्वातीन लाख होतं. तक्रार करायला 'समाधान' नावाचं सरकारी पोर्टल २०१७ मध्ये निघालं होतं, तिथून प्रकरण सुलभीकरण परिषदेकडं जायचं, तिनं ९० दिवसांत निकाल द्यायचा असं कायद्यात लिहिलंय. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदारानं आधी ७५ टक्के रक्कम भरायची. एवढं सगळं आमच्या बाजूनं लिहून ठेवलेलं आहे हे ऐकून त्या दिवशी मी चालत घरी आले ते जवळजवळ पळतच.

२०२३च्या डिसेंबरात मी आणि त्या मुलानं बसून अर्ज भरला. छोटा उद्योग म्हणून सरकारकडं केलेल्या उद्यम नोंदणीचा नंबर, बिलं, तुमचा जीएसटी नंबर, सगळं. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. हे मागं उभे होते. म्हणाले, "नको." मी विचारलं का. म्हणाले, "हे दाबलं की शेठजींचं दार बंद. आणि मग बाकीचेही म्हणतील, हा तक्रार करणारा मागवाला." मी वाद घातला. ते म्हणाले, "अगं, अजून कापड कुणाला विकायचं आहे आपल्याला?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. कायदा करणाऱ्यांकडंही ते नसावं, कारण ज्याच्या हातात पुढची ऑर्डर आहे त्याच्याविरुद्ध मागची बिलं घेऊन उभं राहायला सांगणारा कायदा आमच्यासारख्याला लिहिलेला दिसतो, वापरता येत नाही. आम्ही तो अर्ज तसाच बंद केला. तुम्हाला ते कधी कळलंही नसेल. आम्ही तुमची अब्रू राखली, शेठजी.

आणि त्यानंतर तीन महिन्यांनी तुम्ही काय केलंत?

प्राप्तिकराचा नवा नियम आला होता, ४३बी(एच). छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ती खरेदी त्या वर्षी खर्चात धरता येणार नाही, त्यावर कर भरावा लागेल. कलम आमच्यासाठी केलेलं होतं. पहिल्यांदाच थकवणाऱ्याच्या खिशाला चिमटा बसणार होता. २०२४च्या मार्चमध्ये सगळ्या बाजारात धावपळ सुरू झाली आणि मला वाटलं, आता ३१ तारखेच्या आत आपले पैसे येणार. मी सासूबाईंना सांगूनही टाकलं, पाडव्याला बिलवर सोडवून आणू. तुमच्या पेढीतून फोन आला तो वेगळाच: उद्यमची नोंदणी रद्द करून घ्या, मग पुढचा माल उचलतो. नोंदणी नसलेल्या मागवाल्याकडून घेतलं की हे कलम लागत नव्हतं.

ते उद्यमचं प्रमाणपत्र आम्ही फ्रेम करून शेडमध्ये लावलं होतं, मामंजींच्या फोटोच्या शेजारी. सरकारनं दिलेला एक कागद, ज्यावर यांच्या नावापुढं 'उद्योग' असा शब्द होता. यांनी स्टुलावर चढून तो उतरवला. मी म्हटलं, "रद्द तर पोर्टलवर होतं, फ्रेम कशाला काढता?" हे काही बोलले नाहीत.

आम्ही तुमच्याविरुद्ध तक्रार केली नव्हती. आणि तुम्ही आम्हाला आमचंच नाव पुसायला लावलंत, तेही आमच्याच हातानं. पैसे थकवणारे आम्ही खूप पाहिलेत. बाजार आहे, वरखाली चालतं. पण हे मला समजून घेता आलेलं नाही. तुम्हाला कर वाचवायचा होता तर आमचे पैसे देऊन वाचला असता. तेवढा एक रस्ता तुम्हाला सुचला नाही का?

पुढं बँकेनं कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला उद्यमचं प्रमाणपत्र मागितलं. ते नव्हतं. नूतनीकरण रखडलं. जमा काही नाही आणि व्याज चढतंय, खातं मर्यादेच्या वर गेलं. एक महिना, दोन महिने. बँकेच्या भाषेत याच्या पायऱ्या आहेत, तीस दिवस, साठ दिवस, आणि नव्वद उलटले की खातं अनुत्पादक. अडचणीतल्या छोट्या उद्योगाला सावरायची एक योजना रिझर्व्ह बँकेनं २०१६ पासून बँकांना घालून दिली आहे, खातं बिघडायच्या आत मागितलं तर समिती बसते, हप्ते बदलून मिळू शकतात. हे मला कळलं तेव्हा आमचे नव्वद दिवस होऊन गेले होते. साहेब वाईट नव्हते. खुर्ची दिली, पाणी दिलं. पण समोरच्या कागदावर यांच्या नावापुढं छापलेलं होतं: थकबाकीदार.

मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. आमच्या वहीत थकबाकीदार म्हणून एकच नाव आहे आणि ते तुमचं आहे. पण बँकेच्या यादीत, पतसंस्थेच्या यादीत, पाच तारखेला कट्ट्यावर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात नाव आमचं. वाण्याच्या दुकानासमोरून जाताना मान आम्ही खाली घालायची. लग्नाकार्यात उशिरा जायचं आणि लवकर निघायचं ते आम्ही. तुम्ही परवा देवळाच्या कार्यक्रमात पहिल्या ओळीत बसला होता. मला तुमच्या बसण्याचं दुःख नाही. पण तुमची थकबाकी आणि तिची शरम, दोन्ही तुम्ही आमच्या घरी ठेवून गेलात, हे तुमच्या कानावर कुणीतरी घालायला हवं.

आता तो एकजण. आमच्या रात्रपाळीला विजापूरकडचा कामगार होता, अकरा वर्षं. आमच्या मुलीला त्यानं कडेवर खेळवलंय. धोटा कुठं अडकणार हे त्याला आवाजावरून आधी कळायचं. पगार आठवड्याचा पंधरवड्यावर गेला, पंधरवड्याचा महिन्यावर. दिवाळीचा बोनस अर्धा दिला, उरलेला "संक्रांतीला देते" म्हटलं. संक्रांतीला म्हटलं, "शिमग्याला." एका शुक्रवारी तो आला, बायको आजारी म्हणून पैसे मागायला. मी त्याला म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू, पुढून आलेलं नाही." आणि बोलता बोलता मला ऐकू आलं की हे वाक्य माझं नाही. ते तुमच्या दिवाणजींचं आहे, शब्दन् शब्द. तो "बरं, अक्का" म्हणाला आणि गेला. महिन्याभरानं गाव सोडून गेला. त्याचे ३४ हजार माझ्याकडं राहिलेत. त्याचंही पान माझ्या वहीत आहे, तुमच्या पानाच्या पुढच्याच बाजूला. फक्त त्या पानावर देणं माझं आहे.

माझ्या कुठल्याही दागिन्यापेक्षा मला हे लागलंय. तुम्ही मला तुमच्यासारखं बोलायला लावलंत.

गेल्या पावसाळ्यात आठ माग विकले. चालू माग म्हणून गिऱ्हाईक मिळालं नाही, साध्या मागाला आता कोण विचारतं. भंगारात गेले, किलोला ३८ रुपये. मला वाटलं होतं माग उचलून टेंपोत घालतील. तसं नसतं. बिडाचा सांगाडा अख्खा नेत नाहीत, घणानं जागेवर फोडतात. दोन पोरं आली होती, त्यांनी पहिल्याच मागावर घण घातला आणि हे ओरडले, "अरे, आधी नट तरी सोडवा!" ती पोरं थांबली, एकमेकांकडं बघायला लागली. मग हे स्वतः पाना घेऊन बसले आणि आठही माग यांनी आपल्या हातानं खोलले. मागाची वही, फणी, धोटे, कांड्या, सगळं वेगवेगळं लावून ठेवलं, जसं काही परत जोडायचंय. संध्याकाळपर्यंत ती पोरंही त्यांना हात द्यायला लागली होती. सगळे मिळून १ लाख ६७ हजार आले. ते शेकडा अडीचवाल्याला दिले. मुद्दल अजून सव्वा लाखाच्या वर आहे.

राहिलेले चार माग आता खर्चीवर आहेत, दुसऱ्या पेढीचं सूत. ५२ पिकाचं, म्हणजे इंचाला ५२ आडव्या धाग्यांचं कापड, पिकाला साडेपाच पैसे, म्हणजे मीटरला २ रुपये ८६ पैसे. चार मागांवर कुठला कामगार टिकणार? सकाळी सात ते संध्याकाळी सात हे उभे राहतात, सात ते अकरा मी. कांड्या सासूबाई भरतात, त्यांना नको म्हटलं तरी. सगळी मजुरी मिळून महिन्याला सतरा-अठरा हजार. त्यातून लाइट बिल, तेल, सुटे भाग, राहिलेल्या मुदलाचं व्याज. मुलीनं बारावीनंतर एका शोरूममध्ये नोकरी धरली आहे, कॉलेज पुढच्या वर्षी बघू म्हणते. हे वाक्यसुद्धा आता आमच्या घरातलंच झालंय.

मामंजी आज असते तर खर्चीच्या सुताला हात लावताना यांना त्यांनी काय म्हटलं असतं, याचा हे सारखा विचार करतात. मी यांना सांगते, मामंजींनी काही म्हटलं नसतं, त्यांनी वही मागून घेतली असती आणि तुमचं पान वाचलं असतं.

तर आज मी हे लिहू शकते, कारण पुढची ऑर्डर तुमच्याकडून यायची राहिलेली नाही. जी भीती त्या डिसेंबरात यांच्या तोंडी होती ती आठ मागांबरोबर गेली. वकील म्हणतात, बिलं नोंदणी चालू असतानाची आहेत, हक्क गेलेला नाही, पण दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि जुन्या बिलांची भरत आली आहे. कागद तयार आहेत. या खेपेला बटण दाबताना मागून कुणी नको म्हणणार नाही, मी यांना विचारलंय.

तरीही आधी हे पत्र लिहिते आहे. तुमच्या वडिलांनी मामंजींना पहिल्या मागाच्या वेळी दोन महिन्यांचं सूत उधारीवर मिळवून दिलं होतं, हे आमच्या घरात अजून बोललं जातं. मी ते विसरलेले नाही. त्या उपकारासाठी मी व्याज सोडायला तयार आहे, सव्वावीस टक्क्यांतला एक पैसा मागणार नाही. वटावाचे ३१ हजार २०० पण सोडते. मुद्दल मात्र सोडणार नाही. एकरकमी जमत नसेल तर महिन्याला साठ हजार द्या, दोन वर्षांत फिटत येईल, तुमच्या पेढीला ते जड नाही. कागदावर लिहून द्या, आता तोंडी नको.

आणि पहिल्या हप्त्यातले ३४ हजार मला देऊ नका. त्या कामगाराचा खाते नंबर मी दिवाणजींकडं पाठवते, त्याच्या खात्यावर परस्पर भरा. पावती तेवढी मला द्या, त्याचं पान मला मिटवायचंय.

येत्या शुक्रवारी आम्ही दोघंही घरी आहोत. तुमची वही घेऊन या, माझी मी काढून ठेवते, तारखा समोरासमोर लावून बघू. चहा करीनच. शुक्रवारी माग बंद असतात, त्यामुळं बोललेलं नीट ऐकू येईल.

आपली,
गावभागातली एक मागवाली